मामाजी आणि राउटरचं बटन

आमच्याकडे विजेला लाइन म्हणतात. पुण्याच्या अंकिता मॅडमना हे समजायला महिना लागला. मी फोनवर "लाइन गेली मॅडम" म्हटलं की त्या विचारायच्या, "मग आत्ता बोलताय कशा?"

या मॅडमच्या हाताखाली मी घरबसल्या काम करते. कोणाचं वॉशिंग मशीन बिघडलं, फ्रिज गार होईना, की त्यांचे फोन इंटरनेटवरून माझ्या लॅपटॉपवर येतात आणि मी दिवसातून साठ-सत्तर वेळा "आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व" म्हणते. माझ्या गैरसोयीबद्दल अजून कोणी काही म्हटलेलं नाही. पण आमच्या पिपरी मेघेत दोन पोरं आणि सासरे सांभाळून करता येईल असं दुसरं काम मला दाखवा, आजच सोडते हे.

महिन्यातून एका बुधवारी सकाळी दुरुस्तीसाठी लाइन जाते. लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर चालतो, पण राउटर मरतो आणि बोलता बोलता गिऱ्हाईक गायब होतं. म्हणून तीन महिन्यांपूर्वी मी धनंजयच्या दुकानातून राउटरला जोडायचा बॅटरीचा छोटा डबा आणला. लाइन असली की तो भरत राहतो, लाइन गेली की राउटर त्याच्यावर चालतो. डब्यावर चार तास लिहिलं होतं. पहिल्याच बुधवारी तो वीस मिनिटांत बसला. मी दुकानात जाऊन तोंड सोडलं. धनंजयनं मुकाट्यानं बदलून दिला. दुसरा पंचवीस मिनिटं चालला. मी पुन्हा गेले. या वेळी तो म्हणाला, "ताई, डबा दोन दिवस माह्याकडं ठेवून पाह्यला, पावणेचार तास चालते. तुमच्या घरीच याले काय होते, मले नाई समजत." मला वाटलं, हा मला शिकवतो.

तोवर कंपनीचे दोन इशारे आले होते. तिसऱ्यांदा कॉल तुटला तर काम बंद, असं मॅडमनी स्वच्छ सांगितलं. आणि त्यांनी स्वतः माझे कॉल ऐकत बसायचं ठरवलं ते नेमकं लाइन जायच्या बुधवारी, साडेनऊ ते अकरा. मी दिवस बदलून मागितला. त्या म्हणाल्या, "बॅकअप आहे ना तुमच्याकडे?" आहे म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

नऊ पन्नासला लाइन गेली. पंखा थांबला, कॉल चालू राहिला. यवतमाळच्या एक बाई मशीनमधून पाणी कसं गळतं ते सांगत होत्या आणि मला त्या पाण्यावरसुद्धा माया आली. दहा वाजून बारा मिनिटांनी बाई अर्ध्या वाक्यात गेल्या. मोबाइलवरून इंटरनेट जोडायला गेले, तर लाइन नसली की आमच्याकडचा टॉवरही आजारीच असतो. पडद्यावर एक गोल फिरत राहिला. मी कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला. रडू आलं नाही, इतकी थकले होते.

समोरच्या खोलीत राउटरखालच्या दिवाणावर मामाजी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मामाजी म्हणजे माझे सासरे, मनोहरराव. गावी, रोहण्याला, सारा जन्म शेती केली. गुडघे गेले तशी यांनी, म्हणजे नीरजनं, त्यांना इकडे आणलं. राउटर, डबा, भिंतीवरचं बटन, सगळं त्यांच्या उशाशी.

"काऊन बेटा, झाली परीक्षा?" त्यांनी विचारलं.

"डबा संपला मामाजी. याही वेळी."

"संपंन कसा?" ते चकितच झाले. "मी त रोज रात्री आठवणीनं बटन बंद करतो."

मी विचारलं, "बंद करता?"

"मंग! रातभर चार्जिंगवर ठेवली त बॅटरी फुगते. आपला फवारणीचा पंप नाई का, गड्यानं, श्रावणनं, रातभर लावून ठेवला, ढोलकावानी फुगला. मी तवाच कानाले खडा लावला. तू कामाले बसाच्या टाइमले चालू करून देतो. काल त आठ वाजताच बंद केलं, म्हटलं उद्या पोरीले पुरली पाह्यजे."

"पण राउटर चालूच राहतो ना मामाजी. तो रात्रभर बॅटरी खातो."

"ते मिनमिन दिवे?" ते हसले. "त्याले काय लागते?"

मला असा राग आला. तीन महिने! दोन इशारे, धनंजयशी दोन भांडणं, आणि हे माझ्या नोकरीची रोज रात्री वाट लावत होते, तीही आठवणीनं. ओरडायला तोंड उघडलं आणि हातातला मोबाइल वाजला. अंकिता मॅडम.

"मोहिनी, मला लगेच वर कळवायचंय," त्या म्हणाल्या. "उपकरण खराब निघालं असेल तर मी तुम्हाला आणखी एक संधी मागू शकते. घरातल्या निष्काळजीपणामुळे झालं असेल, तर माझ्या हातात काही नाही. नेमकं काय झालं?"

मामाजी माझ्याकडे बघत होते. खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांपुढे पोरांची फी आली.

"बॅटरी खराब निघाली मॅडम. दुकानदारानं फसवलं."

"ठीक आहे. पुढच्या बुधवारपर्यंत दुसरी आणा. ही शेवटची वेळ."

फोन ठेवला. नोकरी वाचली. आठवड्यापुरती का होईना, वाचली. मी खुर्चीत बसले. पाहते तर मामाजी शेंगांचं सूप बाजूला सारून गुडघ्यावर हात देत उठत होते. त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली.

"कुठं चाललात?"

"धनंजयकडं. तीन महिन्यांपासून फसवून राह्यला आपल्याले? चार लोकांत विचारतो त्याले."

मॅडमना खोटं सांगून भागलं होतं. यांना सांगून भागलं नसतं, हे आता भरदिवसा त्या सरळ माणसाच्या दुकानावर तमाशा करणार होते. आणि मला तर गोड शब्दांत समजावून सांगायचीही ताकद उरली नव्हती.

"धनंजयची चूक नाई मामाजी," मी म्हणाले. "बॅटरी चांगली आहे. तुम्ही बटन बंद करत होते म्हणून ती रोज रिकामी होत होती. फवारणीच्या पंपासारखी नाई ती. तिला सतत चालू ठेवावं लागते."

ते टोपी हातात घेऊन उभेच राहिले. मग सावकाश दिवाणावर बसले.

"म्हणजे मीच?"

"हो."

"तुह्या मागच्या दोन टाइमलेबी?"

मी मान हलवली. ओरडायचं होतं ते सगळं पोटातच विरून गेलं. हे रोज रात्री, गुडघे धरून, सगळे झोपल्यावर माझ्यासाठी एकदा उठत होते. या घरात आल्यापासून त्यांना कोणी एक काम सांगितलं नव्हतं. हे त्यांनी आपलं आपण शोधून घेतलं होतं, आणि मी आत्ता तेही काढून घेतलं. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटण्याचाही कंटाळा आला.

"मंग आता मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही फक्त बटन चालू आहे का, तेवढं पाहत जा."

त्यांनी भिंतीवरच्या बटनाकडे पाहिलं.

"ते त चालूच राह्यते ना बेटा," ते म्हणाले. "त्यात पाहाचं काय?"