अळणी श्रावण

शिरड शहापुरात सगळे म्हणायचे, दगडोबा धनगराचं डोकं फिरलं. त्याच्या बायकोला, पंचफुलाबाईला, मात्र त्याचं झिजत चाललेलं अंग दिसायचं. भरात आला की गडी मेंढरं घेऊन रात्रंदिवस चालायचा. भूक न्हाई, झोप न्हाई, गालफडं बसलेली. मग एकदम आडवा पडायचा, तो असा की तोंडावरची माशीसुद्धा हाकलायचा न्हाई.

हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता, पण असल्या दुखण्याचा डॉक्टर नांदेडलाच. त्यानं गोळ्या दिल्या. तहान वाढली, लोकर कातरताना हात जरा थरथरायचा, पण माणूस झोपायला लागला. पंचफुलाबाई नागनाथाला नवस बोलून बसली होती, मालक झोपले तर श्रावणभर दोघं अळणी खाऊ. श्रावण लागला आणि तिनं मिठाचा डबा फळीवर चढवला.

थोड्याच दिवसांत दगडोबाला जुलाब लागले. हातातली कपबशी खणखणायला लागली, पाय लटपटायला लागले, जीभ जड झाली. पारावर लोक म्हणाले, "दगडोबा ढोसून राहिला."

"ढोसत असतील तुमचे बाप!" बाई भडकली. घरी आली तर मालक शेजारणीचं लोणचं चोरून चाटत बसलेले. नवस इथंच बाटला, असं म्हणून तिनं तेही हिसकावून घेतलं. पुढं दगडोबा तिलाच ओळखेना, तेव्हा जीप करून नांदेड गाठलं.

"हे खातात काय?" डॉक्टरनं विचारलं.

"अळणी," बाई ताठ मानेनं म्हणाली. "मिठाचा कण लागू दिला न्हाई."

डॉक्टरनं कपाळावर हात मारला. "बाई, अंगात मीठ कमी पडलं की ही गोळी रक्तात साचते. तिचंच विष होतं."

"मग आधी काहून न्हाई सांगितलं?"

"अळणी कोण खाईल, असं वाटलं नाही."

दगडोबाला सलाईन लावलं. त्यात काय हाय, असं तिनं नर्सला विचारलं. मिठाचं पाणी, नर्स म्हणाली. पंचफुलाबाई भिंतीला टेकून खाली बसली. आपल्याच हातानं मारलं असतं की मी यांना, असं म्हणत ती पदर तोंडात कोंबून रडली.

काही दिवसांनी दगडोबानं नीट डोळे उघडले. "मेंढरं कोणाकडं हायत?" त्यानं विचारलं, मग म्हणाला, "भूक लागली."

दवाखान्याची खिचडी आली. तिनं शेजारच्या खाटेवरून मीठ मागून आणलं. एक चिमूट टाकली. आणखी एक टाकली. मन भरेना, तेव्हा तिसरी टाकली आणि घास भरवला.

"लई खारट झाली," दगडोबा म्हणाला.

"गुमान खा."

त्यानं तोंड वाकडं केलं, अन् सगळी खाल्ली.