सोळा सेकंदांची लाट

चक्रीवादळ सहाशे किलोमीटर लांबून निघून गेलं, असं सकाळी रेडिओने सांगितलं आणि बेटावरची माणसं निर्धास्त झाली. आभाळ स्वच्छ, वाऱ्याचं नाव नाही. होड्या बांधणारा सुतार तर खुशीत होता. वर्षभर खपून बांधलेली नवी होडी किनाऱ्यावरच्या शेडमध्ये उभी होती. रंगाचा शेवटचा हात तेवढा चालला होता. उद्या ती पाण्यात उतरायची होती.

त्याची ताई मात्र धक्क्याच्या टोकाला पाय सोडून बसली होती. चाळीस वर्षं तिने भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवल्या होत्या. निवृत्त झाली तरी मनगटावरचं घड्याळ उतरलं नव्हतं. सगळे तिला मोजणीताईच म्हणत. बेटाभोवती प्रवाळाचा कठडा होता. बाहेरच्या लाटा त्याच्यावर फुटत आणि आत येईपर्यंत अगदी गरीब गाय होत. एक लाट फुटली की दुसरी फुटेपर्यंत किती सेकंद जातात, ते ताई मोजत होती. रोज सात-आठ जात. आज सोळा.

ती तडक शेडमध्ये आली.

"होडी शाळेच्या टेकाडावर न्यायची. साडेतीनला भरती आहे, तीही उधाणाची."

भावाने ब्रश खाली ठेवलाच नाही. "वादळ गेलं गं ताई! निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, तू माझ्या मागे लागतेस."

"वादळ गेलं, पण त्याने काल सोडलेल्या लाटा अजून वाटेत आहेत. पाहुणा गेला, सामान मागून येतंय."

"मग कठडा आहे की! आजवर एक तरी लाट शेडपर्यंत आलीय?"

"आखूड लाटेला कठडा पुरतो. या लांब लाटा आहेत, एकेकीच्या पोटात केवढं तरी पाणी. त्यात उधाणाने कठडा खोल बुडणार. आत आलेलं पाणी बाहेर पडायच्या आत मागची लाट हजर."

"हे सगळं तुझ्या वहीतलं."

वाद घालणं ताईच्या स्वभावातच नव्हतं. तिने घड्याळ काढून त्याच्या हातावर ठेवलं. "माझं ऐकू नकोस. तू मोज."

केवळ तिचं मन राखायला तो धक्क्यावर गेला. पंधरा. "माझं चुकलं असेल," तो म्हणाला. मग सोळा. मग सतरा. सहाव्या लाटेनंतर त्याने मागे वळून शेडकडे पाहिलं.

"रंग ओला आहे गं," तो हळूच म्हणाला.

"रंग पुन्हा देता येईल."

अर्ध्या तासात वीस माणसं होडीला लागली. खाली ओंडके सरकवत, ओल्या रंगावर पंजे उमटवत त्यांनी ती टेकाडावर चढवली. किनाऱ्यालगतची कुटुंबंही बोचकी घेऊन वर आली. "भर उन्हात वादळाला घाबरून पळणारे आपणच!" शाळेचे मास्तर घाम पुसत म्हणाले. ताई हसली आणि खालून टेकाडावर शाळेकडे चढणाऱ्या पायऱ्यांपैकी दुसरीवर तिने खडूने रेघ ओढली. "पाणी इथवर येईल."

साडेतीन वाजून गेले आणि समुद्र उतू जाणाऱ्या दुधासारखा वर आला. ना वारा, ना गडगडाट. शेडचे खांब वाकले, पत्रे तरंगत निघाले. पाण्याने पहिली पायरी गिळली, मग दुसरी. रेघ पुसून ते तिसरीवर थांबलं. होडी चार पायऱ्या वर, कोरडी उभी होती.

"एक पायरी चुकलीस," भाऊ म्हणाला.

"चुकले," ताई म्हणाली आणि वहीत तसंच लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. होडी उतरवायची का, हे विचारायला ताई धक्क्यावर आली, तर भाऊ तिच्या जागेवर पाय सोडून बसलेला.

"अजून तेरा आहे," मान न वळवता तो म्हणाला. "आठवर आल्याशिवाय माझी होडी हलणार नाही."

"बरं. आणि माझं घड्याळ?"

"तू निवृत्त झालीस ना? जा, बागकाम कर!"