खांबाआडचा बाक

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाक आहे. जिथे कायदे होतात त्या सभागृहात, अगदी शेवटच्या रांगेत, एका जाड खांबाआड माझी जागा. सुताराने मला घडवताना काही हात आखडला नव्हता. जागा तेवढी मागची मिळाली.

तरी माझे दिवस बरे गेले. जेवणानंतर सभासद माझ्यावर डुलक्या काढत, खोटे कशाला सांगू? पण भांडणेही माझ्यावरच मिटत. नदीच्या एका काठच्या बाई आणि दुसऱ्या काठचे वकीलसाहेब एकमेकांच्या विरोधी पक्षातले. तरी अडलेली गोष्ट इथेच बसून हळू आवाजात सोडवत.

मग समोरच्या भिंतीवर कॅमेरा आला आणि सभागृह घरोघरी टीव्हीवर दिसू लागले. डुलक्या एका दिवसात बंद झाल्या, एवढे श्रेय त्याला द्यावेच लागेल. पण काचेचा एक डोळा, बसायच्या कामाचा ना टेकायच्या, त्याचा तोरा केवढा! कोणी बोलायला उभे राहिले की चित्रात यावे म्हणून दहाजण मागे दाटीवाटीने बसत. चित्रात नेमक्या येणाऱ्या तिसऱ्या रांगेतल्या बाकाला तर रोज पॉलिश. माझ्या अंगाचा तिळपापड होई.

एकदा नदीवरच्या पुलाचा विषय निघाला. मुले होडीतून शाळेत जात. पूल दोन्ही काठांना हवा होता, तंटा होता तो जागेचा. कॅमेऱ्यासमोर वकीलसाहेबांनी कागद फाडले, बाईंनी टेबल बडवले. मधल्या सुट्टीत दोघे गुपचूप माझ्यावर येऊन टेकले.

"फार बोलले का हो मी?" बाईंनी विचारले.

"बोलावंच लागतं. गप्प बसलो तर आई घरी विचारते, आज बरं नव्हतं का," वकीलसाहेब म्हणाले. "पूल वळणावर घेऊ या? दोघांनाही थोडं लांब पडेल."

"चालेल. उद्या इथेच बसून लिहून काढू."

मला धन्य वाटायला हवे होते. पण मी जळत होतो. एवढी मोठी गोष्ट माझ्यावर ठरली आणि ती कोणालाच दिसली नाही! एकदा तरी त्या कॅमेऱ्याने माझ्याकडे पाहावे, एवढेच मनात होते.

मागची रांग दिसत नाही अशी लोकांची तक्रार होतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी खांबाच्या अलीकडे, माझ्या बाजूला नवा कॅमेरा बसला, थेट माझ्यावर रोखलेला. मी हरखून गेलो.

दुपारी दोघे आले. बाईंनी वर पाहिले आणि त्या न थांबता पुढे गेल्या. वकीलसाहेबांनी नकाशाची घडी खिशात घातली. थोड्याच वेळात दोघांचे आवाज पुन्हा चढले.

मित्रांनो, कॅमेरा असू द्या, तुम्हाला सगळे दिसायलाच हवे. पण ज्याला दोन पावले मागे यायचे आहे, त्याला टेकायला एखादी जागा राखून ठेवा. मी आता रोज टीव्हीवर दिसतो. मुले अजून होडीतूनच शाळेत जातात.