रिकाम्या कुपीतली वाफ

मंगळावरच्या रोव्हरने आपल्या भट्टीत रिकामी कुपी तापवली, तेव्हा सेंद्रिय वाफ आढळली. मातीने भरलेली कुपी तापवली, तेव्हा आढळली नाही.

"आडात नाही ते पोहऱ्यात आलं म्हणायचं!" मोहीमप्रमुख म्हणाले. "बाई, तुमची भट्टी खोटं बोलतेय. दुपारच्या बैठकीत ती कायमची बंद करू. तिची वीज कॅमेऱ्याला."

ही भट्टी घडवण्यात बाईंची उमेदीची वर्षे गेली होती. जीवसृष्टीला लागणारा कच्चा माल मातीत आहे का, हे तपासणारे रोव्हरवरचे ते एकमेव साधन होते.

"सर, ही चोर सोडून संन्याशाला फाशी झाली. बैठकीपर्यंत तरी निकाल द्यायचं थांबा."

"थांबतो. पण जेवणानंतर माझा संयमही पचलेला असतो."

बाई प्रयोगशाळेत गेल्या. तिथे भट्टीची हुबेहूब जुळी होती. ती तापत असताना सासूबाईंचा फोन आला.

"सापडलं का गं कुणी?"

"अजून नाही, आई."

"सापडेल कसं? उंटावरून शेळ्या हाकायच्या, त्याही परग्रहावरच्या! बरं, येताना दूध आण."

"तुमच्या लेकाला सांगा ना."

"त्याला सांगितलं, तर तू मंगळावर पोचशील, दूध नाही पोचायचं."

बाई हसतच भट्टीकडे वळल्या. वाफ आली कुठून, हे त्यांनी ताडले होते: झाकणाच्या रबरी कड्यातून. पण कडे दोन्ही कुप्यांना होते. तेव्हा खरा प्रश्न निराळा होता: भरल्या कुपीतून ती गेली कुठे?

त्यांनी तसल्याच झाकणाच्या कुपीत आधी भाजून निर्मळ केलेली वाळू तापवली. वाफ आली. मग त्याच वाळूत परक्लोरेट मिसळले. हे क्षार मंगळाच्या मातीत असतात. वाफ नाहीशी झाली आणि तिच्या जागी कार्बन डायऑक्साइड आला.

"म्हणजे भट्टी निर्दोष?" बैठकीत प्रमुखांनी विचारले.

"भट्टी निर्दोष, रीत सदोष. मातीत काही असतंच, तरी आपण ते जाळून टाकलं असतं. उरलेल्या कुप्यांतली माती द्रावकात भिजवू, मंद आचेवर, म्हणजे काही जळणार नाही."

"म्हणजे मंगळावर काही नाही, असं म्हणता येणार नाही?"

"आहे, असंही नाही."

प्रमुखांनी भट्टीची वीज कायम ठेवली. बाईंनी समाधानाने अहवाल लिहिला: वाफ झाकणाच्या रबराची होती, मातीतल्या परक्लोरेटने तापल्यावर प्राणवायू सोडला आणि त्यात ती जळून गेली.