सातवा मासा

सात. पुन्हा मोजले. सातच.

पिशवी उजेडाकडे धरली, चष्मा पुसला, तरी एक काही कमी होईना. अ‍ॅक्वेरियमवाल्याने सहा सांगितले, मी सहाच घेतले, आणि पिशवीत मात्र बोटाच्या पेराएवढे सात जण गिरक्या घेत होते. जाळीत एक आगाऊ आला असणार. असले आगाऊ मी जन्मभर पाहिलेत. दार लागता लागता पाय घालणारे.

मी लिफ्टमन. एकतीस वर्षं एकच इमारत, एकच लिफ्ट. जुनी, जाळीच्या दाराची, भोवतीने जिना. आत पितळी पाटी: आठ माणसं, ५४४ किलो. नववा मी कधी घेतला नाही. साहेब असो, नाहीतर साहेबाचा बाप असो. "एकाने काय होतंय हो?" म्हणणाऱ्याला मी सांगायचो, "होत नाही तोवर काहीच होत नाही. उतरा."

टाकी लेकीने दिलेली. तिची आई गेल्यावर ती पंधरा दिवस राहिली आणि निघताना ही काचेची पेटी टेबलावर मांडून गेली. "बाबा, घरात काहीतरी हलतं राहू दे," म्हणाली. दोन महिने मी तिच्यात जुनी वर्तमानपत्रं ठेवत होतो. मग एके दिवशी लक्षात आलं की सकाळपासून आपण तोंडातून एक शब्द काढलेला नाही, आणि काढायचा तरी कुणापुढे? तेव्हा उठलो आणि मासे आणले.

सातव्याला बरणीत घालून उलटपावली दुकानात गेलो.

"काका, विकलेला मासा परत घेत नाही. रोगाची भीती असते," अ‍ॅक्वेरियमवाला म्हणाला. "राहू द्या की, फुकट आलाय."

"सहा तुम्हीच म्हणालात ना?"

"ते आठवड्याने पाणी बदलणाऱ्याला. सात ठेवायचे तर रोज बादलीभर बदला. नळाचं नको, त्यात औषध असतं. हातपंपाचं घ्या."

हातपंप खाली अंगणात, आणि मी तिसऱ्या मजल्यावर. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. लिफ्टमनच्या घराला लिफ्ट नाही, यावर बायको हसून हसून बेजार व्हायची. म्हटलं, या वयात रोज बादली कोण चढवतो? सहा टाकीत सोडले आणि सातव्याची बरणी टाकीला खेटून ठेवली. नियम तो नियम.

दोन दिवस तो काचेला तोंड लावून होता. ते सहा जण डावीकडे गेले की हाही डावीकडे. ते वळले की हा वळायचा. खाणं टाकलं तर त्याकडे ढुंकूनही बघेना. मला त्याचा राग यायला लागला. बघवत नाही तेव्हा माझं असंच होतं.

तिसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. सगळं सांगितलं.

"अहो बाबा, केवढासा जीव तो! टाका की आत."

"टाकी सहाची आहे."

ती म्हणाली, "आईलाही तुम्ही असंच बाहेर ठेवलं होतं."

हे हिला माहीत?

मी लिफ्ट चालवायचो त्या इमारतीत सातव्या मजल्यावर हाडांचा डॉक्टर होता. बायकोच्या गुडघ्यासाठी मीच अकराची वेळ घेतली होती. ती आली तेव्हा आत आठ माणसं होती. लोक म्हणाले, "घ्या हो, वहिनी आहेत." मी म्हणालो, "पुढच्या फेरीला," आणि जाळी ओढली. पुढच्या फेरीला ती खाली नव्हती. संध्याकाळी घरी म्हणाली, "दाखवून आले." पुन्हा तो विषय निघाला नाही आणि ती पुन्हा त्या इमारतीत आली नाही. तिचं तिने सोडून दिलं, असं मी धरून चाललो. सोयीचं होतं ते.

"जिन्याने गेली ती," लेक म्हणाली. "पाचव्या मजल्यावर गुडघा धरून पायरीवर बसली. पाऊण तास. जाळीतून तुम्ही दिसत होतात तिला. वर जाताना, खाली येताना."

"मग हाक का नाही मारली?"

"मीही हेच विचारलं. म्हणाली, लिफ्टमध्ये माणसं होती गं. त्यांच्यासमोर यांना उगाच अवघडल्यासारखं झालं असतं."

फोन ठेवला. बसून राहिलो. ती शेहेचाळीस किलोची होती. त्या फेरीला आत दोन काटकुळ्या नर्सबाई होत्या आणि एक कॉलेजची मुलगी. वजन ५४४च्या पुढे गेलं नसतं. हे मला तेव्हाही दिसत होतं. पण घरच्यांना वेगळा नियम लावला असं लोक म्हणतील, म्हणून चारचौघांत मिरवायला मी माझ्याच माणसाला खाली ठेवलं. कडक माणूस म्हणे! घरात कुणी नव्हतं, त्यामुळे रडताना तोंड लपवावं लागलं नाही.

मग उठलो आणि बरणी टाकीवर कलती केली.

"सरका, सरका जरा आत," मी मोठ्याने म्हणालो. "एक माणूस घ्यायचंय."

एकतीस वर्षांत हे वाक्य माझ्या तोंडून गेलं नव्हतं. सातवा सुळकन त्यांच्यात शिरला. दोन मिनिटांत कुठला कोण ते ओळखू येईना.

आता रोज सकाळी हातपंपावरून बादली भरून आणतो. दुसऱ्या मजल्यापर्यंत दम टिकतो, मग गुडघा बोलायला लागतो. तिथे पायरीवर बसतो. शेजारीण भाजी आणायला उतरते आणि रोज तेच सांगते, "काका, अर्धी अर्धी न्या की हो."

"बसलोय जरा," मी म्हणतो.

ती गेली की बादली खालच्या पायरीवर ठेवतो आणि भिंतीकडे थोडा सरकून बसतो. शेजारी एका माणसापुरती जागा होते.