जुन्या मॉनिटरवरचा मोरपंखी पोशाख

मित्रांनो, मी एक जुना चौदा इंची मॉनिटर आहे, आणि हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही. माझी पाठ फुगीर आहे, अंगाचा पांढरा रंग पिवळट झाला आहे आणि सुरू होताना मी थोडा खाकरतो. पण बंगळूरच्या राजाजीनगरातलं एका शिंप्याचं दुकान बंद होता होता राहिलं, त्यात माझा मोठा वाटा आहे. दुसरं कोणी हे सांगणार नाही, म्हणून मीच सांगतो.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. जहाजाने मद्रासला उतरलो, तिथून लॉरीत बसून बंगळूरला आलो. रक्षिताने मला आपल्या माडीवरच्या ऑफिससाठी विकत घेतलं तेव्हा ती वेबसाइट बनवायला नुकतीच शिकली होती. इंटरनेट शहरात नवीनच आलं होतं आणि वेबसाइट म्हणजे काय, हे तिला दिवसातून अनेकदा समजावून सांगावं लागे. पहिल्या दिवशी तिने मला हळदकुंकू लावलं. तिचं पहिलं पान माझ्याच काचेवर उमटलं. येणारे-जाणारे वाकून बघत आणि मी ऐटीत चमकत असे.

मग १९९८ साली सतरा इंची नवा मॉनिटर आला. त्याला लाखो रंग दाखवता येत. माझ्या जोडीचा संगणक म्हातारा, त्यामुळे आम्हा दोघांना मिळून दोनशे छप्पन्नच रंग जमत. आम्हाला खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवून वर एक जुना टेबलक्लॉथ टाकला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्या नव्यावर काहीही दाखवलं तरी ते छानच दिसायचं. असल्या कौतुकाला काय किंमत असते, ते तुम्हीच ठरवा.

त्याच वर्षी अप्पासाहेब आले. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून बंगळुरात आहे. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. ते आणि त्यांच्या पत्नी मालनबाई भरतनाट्यमचे पोशाख शिवत. नाचणारी मुलगी गुडघे वाकवून अर्ध्यावर बसली, की पुढच्या चुण्या उघडतात. त्याला ते पंखा म्हणत. अप्पासाहेबांचा पंखा शेवटच्या चुणीपर्यंत उघडे. पण आता तयार पोशाख मिळू लागले होते आणि त्यांच्याकडे कोणी फिरकेना. दसरा झाला की दुकानाच्या किल्ल्या मालकाला परत द्यायच्या, असं ठरलं होतं. एकच आशा उरली होती. अमेरिकेत नृत्य शिकवणाऱ्या शिवलीलाबाईंना आपल्या सगळ्या शिष्यांसाठी पोशाख शिवून हवे होते, आणि शिंपी कोण, हे त्या वेबसाइट पाहून ठरवणार होत्या.

“रक्षिता, स्वल्प ऐक, थोडं ऐक,” अप्पासाहेब म्हणाले. “आधी गणपती. मग आई भवानी. मग आमचे पणजोबा, आजोबा, वडील, हार घातलेले. लग्नपत्रिकेत असतं तसंच सगळं.”

“आणि पोशाख, अण्णा?”

“ते खाली. वधूवरांची नावं कुठे वर असतात?”

“सरी, अण्णा,” म्हणजे ‘बरं, अण्णा’, असं रक्षिता म्हणाली. वडीलधाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? कुंकवाच्या रंगावर हळदीच्या रंगाची अक्षरं आली. दोन्ही बाजूंना गोल गोल फिरणाऱ्या समया आल्या. पान उघडताच मृदंग वाजू लागे. नव्या मॉनिटरवर सगळं झटक्यात उघडलं, कारण ते त्याच संगणकात साठवलेलं होतं. अप्पासाहेबांनी हात जोडले. मला टेबलक्लॉथखालून फक्त मृदंग ऐकू आला.

चार दिवसांनी शिवलीलाबाईंचं उत्तर आलं. ‘देवांचं दर्शन झालं. कपडे कुठे आहेत? शुक्रवारी मला ठरवायचं आहे.’

रक्षिताने अप्पासाहेबांना आणि मालनबाईंना बोलावलं आणि माझ्यावरचा कपडा काढला. “त्यांच्याकडे कसं दिसलं असेल ते बघू,” असं म्हणून तिने फोनची तार आमच्या संगणकाला जोडली. मी खाकरलो आणि कामाला लागलो. आधी गणपतीचा मुकुट आला. बऱ्याच वेळाने कपाळ आलं. समया मात्र फिरत होत्या आणि सगळ्यांची नजर तिकडेच जात होती. लालावरची पिवळी अक्षरं मलाच वाचवेनात. मृदंग दोनदा वाजून अडकला. सोंडेपर्यंत पोहोचलो आणि लाइन तुटली. मी काही लपवलं नाही.

अप्पासाहेबांनी अर्ध्या गणपतीला नमस्कार केला. मग म्हणाले, “दारात गिऱ्हाईक आलं तर त्याला उभं ठेवून आपण पूजा करत बसत नाही. पूजा आधी उरकलेली असते.”

“मग गणपती लहान करून कोपऱ्यात ठेवू का?” रक्षिताने विचारलं. “आणि मागचा रंग पांढरा?”

“पांढरा? शुभकामात?”

“अहो, जरीचं कापड दाखवताना खाली पांढरी चादरच पसरता ना?” मालनबाई म्हणाल्या. अप्पासाहेब पांढरी चादर आणायला उठले.

शेजारची हर्षिता भरतनाट्यम शिकत होती. तिला मोरपंखी पोशाख घालून गच्चीवर नेलं, मागे चादर धरली आणि ती अर्धी बसताच फोटो काढला. नव्या मॉनिटरने नेहमीप्रमाणे वाहवा केली. माझ्यावर मात्र मोरपंखी रंग शेवाळासारखा आला आणि चुण्या एकमेकींत मिसळल्या. रक्षिताने फोटोभोवतीची रिकामी जागा कापली, आम्हाला जमणारे रंग निवडले, पुन्हा माझ्याकडे पाहिलं, पुन्हा बदल केला. समया गेल्या. मृदंग राहिला, पण ज्याला ऐकायचा त्याने बटण दाबायचं. आजोबा-पणजोबा आतल्या पानावर सुखाने बसले. शेवटी फोनच्या तारेवरूनही पोशाख चटकन उमटला. मी एकेक चुणी वेगळी दाखवली, आणि तेव्हाच रक्षिता उठली.

नवं पान शुक्रवारच्या आत शिवलीलाबाईंपर्यंत पोहोचलं. शुक्रवार उलटला. उत्तर आलं तेव्हा अप्पासाहेब माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले होते, मालनबाई मागे उभ्या होत्या. रक्षिताने वाचलं, ‘माझ्या वर्गातला संगणक फार जुना आहे. तरीही पंखा शेवटपर्यंत उघडलेला दिसला. मुलींची मापं पाठवते.’

“परत वाच,” अप्पासाहेब म्हणाले. तिने परत वाचलं.

नवी झकपक काच शेजारीच होती. पण मित्रांनो, अप्पासाहेबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि माझी काच पुसली. मला फार आनंद झाला. रक्षिताने तो टेबलक्लॉथ त्या दिवशीच घरी नेऊन टाकला. आता प्रत्येक पान आधी माझ्यावर उघडतं, मग जगात जातं.

उद्या तुम्हीही चित्रं काढाल, पानं सजवाल. तुमच्याकडे चांगलं दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. ते बघणाऱ्याकडे काय आहे ते आधी विचारा, आणि घरातल्या एखाद्या जुन्या पडद्यावर ते एकदा पाहाच. तो तोंडावर खरं सांगेल, त्याचा राग मानू नका. त्या दिवशी मी अप्पासाहेबांना त्यांच्याच देवाचं दर्शन अर्धवट घडवलं होतं. त्यांनी राग मानला असता, तर दुकानाच्या किल्ल्या गेल्या असत्या.

आणि उत्तर आलं त्या दिवशी घरी जाताना अप्पासाहेब जिन्यातूनच मालनबाईंना म्हणाले, “चल, कापायचं टेबल रिकामं कर. मापं येताहेत.”