पाय धुण्याआधी धुतलेले पाय

आमच्या चर्चच्या मंडळीत वर्षातून एकदा पाय धुतात. येशूनं आपल्या शिष्यांचे धुतले, म्हणून आमचे पाळकसाहेब बारा जणांचे धुतात. पुढं बारा खुर्च्या मांडलेल्या असतात, चकचकीत परात असते, पाण्याचा जग असतो, कडक इस्त्रीचा टॉवेल असतो. आणि त्या बारा जणांचे पाय! इतके स्वच्छ पाय तुम्ही पाळण्यातल्या बाळाचेही बघितले नसतील. सकाळपासून घासून, नखं कापून, क्रीम चोळून आणलेले. एका वर्षी एक महाशय पावडर लावून आले होते. पाणी पडताच तिची पेस्ट झाली आणि पाळकसाहेबांच्या बोटांना चिकटून बसली.

पाळकसाहेब दोन थेंब ओततात, टॉवेल टेकवतात आणि पुढच्या खुर्चीकडं सरकतात. पाणी जसं ओतलं तसंच परातीत उतरतं. त्यात मासे सोडले तरी सुखानं जगतील.

शिष्य दिवसभर धुळीतून चालून आले होते, म्हणून त्यांचे पाय धुवावे लागले. आम्ही धुवायला नेण्यासाठी पाय धुतो. याला कुणी भक्ती म्हणत असेल तर म्हणो बापडं. मी ढोंग म्हणते आणि तोंडावर म्हणते.

खुर्च्यांवर कोण बसणार ते आमचे सेक्रेटरीसाहेब ठरवतात. कापडाचं मोठं दुकान आहे त्यांचं. बोलताना समोरच्या माणसाचं मीटरनं माप घेतात. नियमांची भारी हौस. घंटा झाली की जो खुर्चीत नाही त्याची खुर्ची दुसऱ्याला, हा त्यांचा नियम. कार्पेटवर चिखलाचा पाय पडता कामा नये, हाही त्यांचाच. वर्षानुवर्षं तेच चेहरे बसायचे: डॉक्टर, बँकवाले, शाळेचे हेडमास्तर आणि अर्थात स्वतः सेक्रेटरीसाहेब.

आमच्या प्लंबरला कधी कुणी विचारलं नाही. परात ज्या नळाखाली भरतात तो नळ त्यानं बसवलेला, पण तो खुर्चीत बसायचा म्हटलं की सगळ्यांना खोकला यायचा. एकदा कमिटीत विषय निघाला, तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, "माणूस चांगला आहे हो. पण त्या पायांना काय काय लागलेलं असतं. देवाच्या घरात बरं दिसत नाही."

हे वाक्य प्लंबरच्या बायकोच्या कानावर गेलं. मंडळीत तिला पाठीमागं तोफ म्हणतात. माझी ती जिवाभावाची, म्हणून मी तोंडावरही म्हणते. तेव्हापासून सेक्रेटरींचं नाव निघालं की तोफ धडाडायची. शेजारणीचे पोपट उडून जायचे म्हणतात. मी पोपट पाहिले नाहीत, पण विश्वास ठेवते.

आणि यंदा काय झालं, बँकवाल्यांची बदली झाली. खुर्ची रिकामी. पाळकसाहेबांनी सेक्रेटरींना न विचारताच प्लंबरचं नाव जाहीर करून टाकलं. सेक्रेटरींनी आवंढा गिळला, तो मागच्या बाकापर्यंत ऐकू आला.

तोफेला आकाश ठेंगणं झालं. नवे बूट आणले, नवे मोजे आणले. आठवडाभर रोज संध्याकाळी नवऱ्याचे पाय गरम पाण्यात बुडवून दगडानं घासले. ढोंगाला माझ्यासोबत शिव्या घालणारी बाई, पण नवऱ्याची वेळ आली तर हीसुद्धा त्याच रांगेत! मी तसं म्हटलं, तर म्हणाली, "तू गप्प बस. एवढी वर्षं वाट बघितलीय मी. त्या माणसाच्या नाकासमोर माझा नवरा खुर्चीत बसलेला मला बघायचाय. बस्स."

उपासना संध्याकाळची. दुपारी प्लंबर अंघोळीला गेला आणि तोफ त्याच्या शर्टाला इस्त्री करत बसली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सेक्रेटरी.

"अहो, जरा लवकर या हो! गटाराचं चेंबर तुंबलंय, सगळं उलटं घरात येतंय!"

"ते घरी नाहीत," तोफ म्हणाली.

"वहिनी, आई खालच्या खोलीत आहे. तिला उठता येत नाही. पाणी तिच्या दारापर्यंत आलंय."

"दुसरा कुणीतरी बघा." आणि फोन ठेवला.

पुढचं तिनंच मला सांगितलं, म्हणून माहीत आहे. इस्त्री हातात, आणि तोंडानं येशूशी कडाक्याचं भांडण. "माझ्याकडं बघू नकोस तसा. आज नाही. वैऱ्यावर प्रीती करा म्हणालास, करते ना! उद्या करते. उद्या वाट्टेल ते सांग. पण आजच्याच दिवशी त्याचं चेंबर तुंबायचं होतं? माझा नवरा एक दिवस, एकच दिवस खुर्चीत बसला तर तुझं काय बिघडणार होतं रे?"

इस्त्री कॉलरवरून फिरत राहिली. पण तोफेच्या डोळ्यापुढं ती म्हातारी यायला लागली. त्या घरातलं एकच माणूस, ज्यानं हिला कधी वरून खाली न्याहाळलं नव्हतं. हिच्या लग्नात हिच्या आईच्याही आधी रडायला लागली होती ती. आता पलंगावर पडून दारातून येणारं पाणी बघत असेल.

प्लंबर टॉवेल गुंडाळून बाहेर आला. "कुणाचा फोन होता?"

"कुणाचा नाही." मग इस्त्री आदळून ठेवत म्हणाली, "त्या शहाण्याचा! चेंबर तुंबलंय. म्हातारीच्या खोलीत पाणी शिरतंय. मी सांगितलं तुम्ही घरी नाही."

त्यानं शर्टाकडं पाहिलं. खूप सुंदर इस्त्री झाली होती. मग खुंटीवरची जुनी पँट काढली.

"कुठं निघालात?"

"तूच म्हणालीस ना मी घरी नाही? मग बायकोला खोटं कसं पाडू? निघतो."

"अहो, घंटा होईल! खुर्ची जाईल!"

"जाऊ दे."

"निदान मोजे तरी—"

"मोजे घालून चेंबरमध्ये उतरू?" म्हणाला आणि हत्यारांची पिशवी उचलून गेलासुद्धा.

संध्याकाळी तोफ एकटी चर्चमध्ये आली. माझ्याशेजारी धपकन बसली. पर्स मांडीवर घट्ट धरलेली. घंटा झाली तेव्हा पुढच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या, एक प्लंबरची, एक सेक्रेटरींची. नियम तो नियम. स्वच्छ पायांचा तुटवडा आमच्याकडं कधीच नसतो. दोन उमेदवार पहिल्या बाकावरून टुणकन उठले आणि बसले.

"झालं," तोफ दातांतल्या दातांत म्हणाली. "त्याचं घर वाचलं आणि माझी खुर्ची गेली."

"तुझी कधी होती गं? नवऱ्याची होती."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी स्तोत्राचं पुस्तक उघडलं.

पाळकसाहेब हेडमास्तरांच्या गुलाबी पावलावर दोन थेंब ओतत होते, तेवढ्यात दारात गलका झाला. दारावर आमचे मामा उभे असतात. सगळ्यांचेच मामा. हात आडवा करून ते ओरडत होते, "आत नाही! कार्पेट नवं आहे!"

"अहो, मी सेक्रेटरी आहे!"

"म्हणूनच सांगतोय साहेब. नियम तुमचाच आहे."

आख्ख्या मंडळीच्या माना वळल्या. दारात दोघं उभे. प्लंबर, आणि त्याच्या बाजूला आमचे सेक्रेटरीसाहेब, विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेली, दोघांचेही पाय अनवाणी आणि गुडघ्यापासून खाली काळेकुट्ट. वास तर पहिल्या बाकापर्यंत त्यांच्याआधी पोचला होता.

"सळईचं दुसरं टोक मी धरलं होतं," सेक्रेटरी कुणी न विचारता सांगू लागले. "यांनी सांगितलं ओढा, मी ओढलं. आई वरच्या खोलीत आहे, कोरडी आहे. आम्ही धावतच आलो. पाय धुवायला वेळच मिळाला नाही..."

पाय धुवायला वेळ मिळाला नाही म्हणून पाय धुण्याच्या उपासनेत प्रवेश नाही. मला हसू आवरेना.

पाळकसाहेब मुळात सावकाश माणूस. त्यांनी हेडमास्तरांच्या पायाकडं पाहिलं. मग दारातल्या चार पायांकडं पाहिलं. मग जग उचलला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि मधल्या वाटेनं चालत सरळ बाहेर गेले. हेडमास्तर एक पाय हवेत धरून तसेच बसले.

आम्ही बाकांवरचे सगळे मागोमाग, खुर्चीवरून उठून डॉक्टरसुद्धा. अंगणात नळाशी एक बादली होती, ती पालथी घालून प्लंबरला बसवलं. सेक्रेटरी पायरीवर टेकले. पाळकसाहेब खाली बसले आणि सवयीनं दोन थेंब ओतले. काळं तसंच. सगळा जग ओतला. काळं तसंच. तेव्हा त्यांनी मान वर केली आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, असा खणखणीत आवाज दिला:

"साबण आणा!"

साबण कुठं होता? परात होती, जग होता, टॉवेल होता, साबणाची आठवण कुणाला कधी झाली नव्हती. तोफ वळली, मागच्या मोरीत गेली आणि कपड्यांच्या साबणाची वडी आणि फरशीचा ब्रश घेऊन आली. साबण पाळकसाहेबांच्या हातात दिला. ते दोन्ही हातांनी घासू लागले, बाह्या भिजल्या, झगा भिजला, आणि प्लंबर बादलीवर वळवळायला लागला.

"साहेब, गुदगुल्या होतात हो!"

"स्थिर बसा," पाळकसाहेब म्हणाले, आणि त्यांनाच हसू फुटलं.

इकडं सेक्रेटरी पायरीवर एकटे. त्यांच्यापुढं कुणी वाकेना. डॉक्टर आकाश बघत होते. आणि तोफेच्या हातात ब्रश होता. तिच्या तोंडाकडं बघून मला वाटलं, आता हा ब्रश माणसाच्या टाळक्यात बसणार.

ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "पाय पुढं करा."

"नको वहिनी, मी करतो..."

"करा म्हणते ना!"

आणि घासायला लागली. काय घासायला लागली! करपलेलं पातेलं परवडलं.

"आई गं! हळू, वहिनी, हळू!"

"या पायांना काय काय लागलेलं असतं, सेक्रेटरीसाहेब," ती मान वर न करता म्हणाली. "देवाच्या घरात बरं दिसत नाही."

ते वाक्य कुणाचं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. सेक्रेटरींचे कान लाल झाले. मग ते आपल्या पायावरून ओघळणाऱ्या काळ्या पाण्याकडं बघत म्हणाले, "माझ्याच घरातलं आहे, वहिनी. सगळं माझ्याच घरातलं."

तोफेचा ब्रश थांबला. पहिल्यांदाच तिनं त्यांच्याकडं नीट पाहिलं असावं. मग पुन्हा घासू लागली, पण हळू.

"मीही सांगून टाकते," ती म्हणाली. "फोनवर मी खोटं बोलले. ते घरातच होते."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"मागं अंघोळीचं पाणी वाजत होतं, आणि कुणीतरी स्तोत्र गात होतं. इतकं बेसूर आपल्या मंडळीत एकच माणूस गातो."

सगळ्यात आधी बादलीवरचा प्लंबर हसला. मग मामा, मग पाळकसाहेब, मग आख्खं अंगण. तोफ हसता हसता मागंच कोलमडली आणि चिखलात बसली, साडीसकट. डॉक्टरांनी तिला उठवायला हात दिला आणि तेही घसरले. आत खुर्च्यांवर बसून राहिलेले स्वच्छ पायांचे लोक खिडकीतून माना काढून बघत होते. त्या क्षणी जगात त्यांच्याइतकं बिचारं कुणी नव्हतं.

आत जायची वेळ आली तेव्हा सेक्रेटरी दाराशी घुटमळले. त्यांचे बूट चेंबरपाशीच राहिले होते, आणि पाळकसाहेबांकडून प्रभूभोजन घ्यायला अनवाणी जायची त्यांना लाज वाटत होती. तोफेनं पर्स उघडली. आत नवे मोजे होते, घडी न मोडलेले. घंटेच्या शेवटच्या टोल्यापर्यंत तिनं आशा सोडली नव्हती.

तिनं नवऱ्याकडं पाहिलं.

"मला नकोत," तो म्हणाला. "नवे मोजे चावतात."

तिनं मोजे सेक्रेटरींच्या हातात कोंबले. आणि आमचे सेक्रेटरीसाहेब त्या संध्याकाळी भाकर आणि द्राक्षारस घ्यायला प्लंबरच्या मोज्यांत गेले. त्यांच्या बरोबरीनं प्लंबर, अनवाणी, नव्या कार्पेटवर ओले ठसे उमटवत. मामांनी या वेळी हात आडवा केला नाही. दोघांच्याही वाट्याला खुर्ची नाही, म्हणून दोघं परत येऊन शेवटच्या भिंतीला टेकून उभे राहिले. स्तोत्र सुरू झालं. प्लंबरनं गळा मोकळा केला, आणि सेक्रेटरींनी, मी स्वतः ऐकलंय, त्याच्याच बेसुरात सूर मिसळला.

तोफ माझ्याशेजारी चिखलाच्या साडीत बसली होती, डोळे पुसत. मला वाटलं, आता काहीतरी भक्तीचं बोलेल.

"त्यांना सांग," ती माझ्या कानात म्हणाली, "मोजे धुऊन परत द्यायचे."